ना नात्याचे, ना गोत्याचे

क्रिश्तोफ किश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाच्या ‘ब्लू’, ‘व्हाइट’ आणि ‘रेड’ या तिन्ही चित्रपटांत एक प्रसंग फिरून फिरून येतो. रस्त्याच्या कडेला रिकाम्या बाटल्या टाकायची मोठी पेटी आहे. तिचं तोंड उंचावर आहे आणि पाठीत वाकलेलं एक म्हातारं माणूस हातातली बाटली तिथपर्यंत पोचवायला धडपडतंय. ‘ब्लू’मधली ज्यूली जवळच बाकावर डोळे मिटून ऊन खात बसलेली असते, तिला ती म्हातारी दिसतच नाही. ‘व्हाइट’मधला कारोल म्हाताऱ्याची फजिती बघतो आणि कुत्सित हसतो. ‘रेड’मधली व्हॅलेंटीन मात्र थांबते, जवळ जाते आणि बाटली आत ढकलून देते. सगळं मिळून मिनिटभराचाही ऐवज नसेल. पण व्हॅलेंटीनचा तो हात पुढे येईपर्यंत दिग्दर्शकानं जवळजवळ तीन अख्खे चित्रपट खर्ची घातले आहेत.

‘रेड’ (१९९४) घडतो जिनिव्हात. व्हॅलेंटीन शिकता शिकता मॉडेलिंग करते. एका रात्री तिच्या गाडीखाली एक कुत्री येते, गळ्यातल्या पट्ट्यावरचा पत्ता शोधत ती मालकाकडे पोचते. मालक निवृत्त न्यायाधीश. कुत्री जखमी झाल्याचं त्याला सोयरसुतक नाही. पुढे तिला कळतं, हा माणूस दिवसभर घरात बसून शेजाऱ्यांची फोनवरची बोलणी चोरून ऐकतो. तिला किळस येते आणि ती ते त्याच्या तोंडावर सांगते. त्यानंतर तो रात्री बसून शेजाऱ्यांना आणि पोलिसांना आपल्या हातानं कबुलीची पत्रं लिहितो. त्या दोघांची मैत्री सुरू होते ती इथून. तरुण मुलीनं म्हाताऱ्याची कणव करावी आणि म्हाताऱ्यानं तिला आयुष्याचं सार सांगावं, अशी सोय किश्लोव्स्की करून देत नाही. आधी तिरस्कार, मग कुतूहल, मग तिचं त्याच्या घरी जाणं-येणं. आपल्या खऱ्या ओळखीही अशाच वाकड्या वाटेनं होतात.

गेली काही वर्षं मी असे, म्हाताऱ्या आणि तरुण माणसांच्या मैत्रीचे चित्रपट ठरवून बघतेय. त्यात माझ्या एक भागीदार आहेत, ऐंशी ओलांडलेल्या. शाळेत शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात. मला त्यांनी कधी शिकवलं नाही, पण मीही बाईच म्हणते. त्यांच्या एका डोळ्यानं साथ सोडलीय, दुसऱ्याला पडद्यावरची बारीक अक्षरं झेपत नाहीत, त्यामुळे सबटायटल्स मी मोठ्यानं वाचून दाखवते. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंद टिकते. तेवढ्यात ती वाचायची, मराठीत फिरवायची आणि पुढचं पात्र तोंड उघडायच्या आत गप्प व्हायचं. मी जरा भावनेच्या भरात वाचायला लागले की बाई हातानं थांबवतात. “नुसतं सांग. रडायचं काम ती करतेय.” पडद्यावरच्या शहाण्या म्हाताऱ्यांचा तर त्यांना मनस्वी राग येतो. पांढरी दाढी, मंद हसू, आल्यागेल्याला उपदेश. असं पात्र आलं की बाईंचा एकच प्रश्न असतो, “याला स्वतःला काही हवंय की नाही?”

हा प्रश्न मी आता प्रत्येक चित्रपटाला लावून बघते. आणि लावत गेले तसं आणखी एक लक्षात आलं. ज्या चित्रपटांत म्हाताऱ्या माणसाला खरंच काही हवं असतं आणि ते तो मागू शकतो, तिथे समोरचं माणूस बहुतेक वेळा पोटचं पोर नसतं. सून असते, कचेरीतली कारकून मुलगी असते, रस्त्यात भेटलेलं कुणीतरी असतं.

यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) तर हे पात्रंच बोलून दाखवतात. ओनोमिची या गावातलं म्हातारं जोडपं, शुकिची आणि तोमी, टोकियोतल्या मुलांकडे येतं. थोरला डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. दोघंही वाईट नाहीत, कामात आहेत. मुलं विचार करून आईवडिलांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात, कारण घरी ठेवून घेण्यापेक्षा ते सोयीचं पडतं. तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांतून पत्त्या-सोंगट्यांचा आणि गाण्याबजावण्याचा गोंगाट. म्हातारी माणसं झोपेविना तळमळतात आणि लवकर परततात, तर लेकीकडे त्या दिवशी बैठक ठरलेली. जागा नाही. मग शुकिची जुन्या दोस्तांना शोधायला निघतो आणि तोमी रात्रीपुरती नोरिकोकडे जाते. नोरिको म्हणजे युद्धात गेलेल्या मुलाची बायको. नवरा जाऊन आठ वर्षं झालीत, एका खोलीत राहते, कचेरीत नोकरी करते.

त्या खोलीतली ती रात्र मी किती वेळा बघितली असेल! नोरिको सासूचे खांदे चेपून देते. तोमी गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपणार असते आणि याचं तिला अप्रूप वाटतं. मग ती हळूच सांगते, तू पुन्हा लग्न कर, आमची भीड धरू नकोस. नोरिको हसून टाळते. सकाळी निघताना ती सासूच्या हातात थोडे पैसे ठेवते. सासू नको म्हणते, सून आग्रह करते. या पैशांपाशी मी दरवेळी अडखळते. लेकीच्या घरी खर्चाचा विषय निघतो तेव्हा आईवडील म्हणजे भार असतात. इथे तुटपुंज्या पगारातली मुलगी पाहुणीला हातखर्च देतेय आणि पाहुणीला तो घेताना कमीपणा वाटत नाही. ओझूचा कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हात वर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर ठेवलेला असतो. त्यामुळे या दोघींकडे आपण वरून बघत नाही, त्यांच्यासोबत चटईवर बसून बघतो.

पुढे तोमी जाते. दिवस होतात न होतात तोच लेक आईच्या किमोनोची मागणी करते. धाकटी बहीण चिडते. नोरिको तिला समजावते, मुलं मोठी झाली की त्यांचं आपलं आयुष्य होतं, हे असंच असतं. आणि शुकिची शेवटी नोरिकोला म्हणतो, नवल आहे, आम्हाला पोटची मुलं आहेत, पण आमच्यासाठी सर्वात जास्त केलंस ते तू, जिचं आमच्याशी रक्ताचं नातं नाही. यावर ती देवासारखी गप्प राहिली असती तर बाईंनी तिथेच चित्रपट बंद करायला लावला असता. ती म्हणते, मी तुम्ही समजता तितकी चांगली नाही. नवऱ्याची आठवणसुद्धा येत नाही असे दिवस जातात. रात्री एकटी असले की वाटतं, पुढे माझं काय होणार. म्हणजे त्या रात्री खांदे चेपणारी ही मुलगीही तितकीच एकटी होती. तिलाही कुणीतरी येऊन राहायला हवं होतं. सासू-सुनेच्या नात्याचा धागा नवऱ्याबरोबरच तुटला होता, उरली होती ती दोन बायकांची निव्वळ गरज.

पोटच्या मुलांजवळ आईवडिलांची एक वही असते. लहानपणी कुणाला झुकतं माप मिळालं, कोण पिऊन घरी यायचं, कुणाच्या शिक्षणाला पैसे नव्हते, सगळं त्यात लिहिलेलं. ‘टोकियो स्टोरी’तली लेक वडिलांना रात्री पोलिसांनी झिंगलेल्या अवस्थेत आणून सोडल्यावर करवादते, तेव्हा ती फक्त त्या रात्रीवर चिडलेली नसते, तिच्या लहानपणच्या रात्री तिला आठवत असतात. परक्या माणसाकडे ही वही नसते. त्याला भेटतो तो आजचा म्हातारा. म्हाताऱ्यालाही त्याच्यापुढे बाप म्हणून उभं राहावं लागत नाही.

इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये (१९५७) वही फाडायचं काम सून करते. मानद सन्मान स्वीकारायला वृद्ध डॉक्टर इसाक बोर्ग स्टॉकहोमहून लुंडला गाडीनं निघतो, सोबत सून मारियान. गाडी जरा रस्त्याला लागते न लागते तोच ती त्याला सांगते, तुम्ही आपमतलबी म्हातारे आहात, जगापुढे सौजन्याचा आव आणता पण दुसऱ्याचं कधी ऐकून घेत नाही. त्याच्या मुलानं हे सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. हिचं तो ऐकतो. वाटेत तीन तरुण पोरं गाडीत चढतात, गातात, देवावरून हातघाईवर येतात, त्याला फुलं आणून देतात. त्यांना हा कोण मोठा माणूस आहे याची जुजबी माहिती आणि म्हणून धाकही नाही. बोर्गची भूमिका करणारे व्हिक्टर शोस्ट्रम तेव्हा ७८ वर्षांचे होते. स्वतः मूकपटांच्या काळातले मोठे दिग्दर्शक. त्यांचा चेहरा जवळून बघताना मेकअपचा प्रश्नच येत नाही. उलट ‘टोकियो स्टोरी’तला सत्तरीचा शुकिची करणारे चिशू र्‍यू प्रत्यक्षात पन्नाशीच्याही आतले होते. हे कळल्यावर मी तो चित्रपट पुन्हा लावून त्यांचे हात बघितले. फसवणूक कुठे सापडली नाही. बसल्या जागी मान किंचित हलवत होकार भरायची त्यांची लकब आहे, तेवढ्यात त्यांनी वीस वर्षं भरून काढली आहेत.

पण तरुण माणसाला या मैत्रीचा जाच होत नाही का? होतो, आणि हे न लपवणारा चित्रपट म्हणजे अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). कान्जी वातानाबे हा महापालिकेतला विभागप्रमुख. जवळजवळ तीस वर्षं एकही दिवस न चुकवता कागदांवर शिक्के मारतोय. पोटाचा कर्करोग झाल्याचं त्याला कळतं. मुलाला सांगायचं असतं, पण जमत नाही. अशात त्याच्या हाताखालची तोयो नावाची मुलगी राजीनाम्यावर शिक्का मागायला त्याला गाठते. तिला त्या कचेरीत जीव रमवता येत नाही. सगळ्या साहेबांना तिनं टोपणनावं ठेवलेली आहेत आणि याचं आहे ‘ममी’. ती त्याला ते सांगून टाकते आणि तो हसतो. तिचे मोजे फाटलेले त्याला दिसतात, तो तिला नवे घेऊन देतो. मग खाणंपिणं, फिरणं. ती भरपूर खाते, तो बघत बसतो.

काही दिवसांत तोयो कंटाळते, मग घाबरते. रोज मागे लागणारा हा म्हातारा माणूस नेमका काय मागतोय हे तिला कळत नाही. मुलाचा समज तर झालेलाच असतो की बाप पोरीवर पैसे उधळतोय. वातानाबे आजाराचा विषय काढायला धीर गोळा करतो, तर मुलगा त्याच मुलीवरून त्याला फैलावर घेतो आणि तो विषय कायमचा राहून जातो. शेवटच्या भेटीत, गजबजलेल्या उपाहारगृहात, तो तोयोच्या अगदी जवळ सरकून विचारतो, तू इतकी जिवंत कशी? मला मरायच्या आधी एक दिवस तुझ्यासारखं जगायचंय. ताकाशी शिमुरा यांचे डोळे या वेळी इतके मोठे आणि ओले झालेले असतात की ती मागे सरकते. प्रेक्षक म्हणून आपणही सरकतो. म्हातारपणाची गरज इतक्या उघड्या स्वरूपात समोर आली की ती बघवत नाही, हे कुरोसावाला ठाऊक आहे आणि तो कॅमेरा हलवत नाही. बिचारी तोयो काय सांगणार! ती म्हणते, मी फक्त काम करते आणि खाते. खेळणी बनवायच्या कारखान्यात आता ती लागलीय. पिशवीतून एक किल्लीचा ससा काढून ती टेबलावर सोडते. हे बनवताना वाटतं की जपानातल्या प्रत्येक बाळाशी माझी मैत्री झालीय, असं काहीसं बोलते.

तेवढंच. त्या वाक्यातून वातानाबेला सुचतं की आपणही काही करू शकतो, आणि तो धावत कचेरीत जाऊन वस्तीतल्या बायकांनी मागितलेल्या बागेची फाइल काढतो. तोयोनं उपदेश केला नाही, त्याची सेवा केली नाही, शेवटी तर ती त्याच्यापासून सुटका करून घ्यायला बघत होती. तरी जे घडायचं ते घडलं. मला हे दृश्य फार प्रामाणिक वाटतं. दोन पिढ्यांच्या मैत्रीत तरुण माणसानं नेहमी समजूतदार असलंच पाहिजे ही अपेक्षा आपण का करतो? त्याला कंटाळा यायचा हक्क आहे. बाईंना मी एकदा विचारलं, तुम्हाला भीती वाटते का की मला तुमचा कंटाळा येईल? म्हणाल्या, “मला तुझा येतो, तेव्हा मी झोपते की.”

वेगाचीही एक अडचण असते. अब्बास कियारोस्तामीच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ या इराणी चित्रपटात (१९८७) ती जशी आली आहे तशी दुसरीकडे मला सापडली नाही. आठ वर्षांचा अहमद मित्राची वही चुकून घरी घेऊन येतो. मित्रानं गृहपाठ त्या वहीत केला नाही तर गुरुजी त्याला शाळेतून काढणार. वही परत करायला अहमद टेकडीपलीकडच्या गावी पळत जातो. अंधार पडत आलाय, आणि त्याला वाट दाखवायला भेटतो एक म्हातारा सुतार. या म्हाताऱ्यानं गावातली दारं-खिडक्या आयुष्यभर बनवल्या. आता लोक लोखंडी दारं बसवताहेत. चालता चालता तो आपल्या हातच्या खिडक्या दाखवतो, दम लागला म्हणून थांबतो, झऱ्यावर तोंड धुतो. मुलाचा जीव टांगणीला लागलेला. तो चार पावलं पुढे जातो, थांबतो, मागे बघतो. आपल्यालाही वाटायला लागतं, आजोबा, जरा पाय उचला! आणि त्याच वेळी हेही वाटत असतं की या माणसाचं बोलणं ऐकायला आज बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मिळालंय. तो मुलाला एक फूल देतो, वहीत ठेव म्हणतो. कियारोस्तामी दोघांपैकी कुणाचीच बाजू घेत नाही. त्याच चित्रपटात अहमदचे सख्खे आजोबाही आहेत. ते नातवाला सिगारेटी आणायला पिटाळतात आणि तो गेल्यावर शेजाऱ्याला सांगतात की सिगारेटी माझ्याकडे आहेत, पोराला वळण लागावं म्हणून धाडलं. घरच्या आजोबांकडून आज्ञा आणि परक्याकडून फूल, हा फरक दिग्दर्शक बोट न दाखवता ठेवून देतो.

अपवाद आहेतच. कोरियन ‘द वे होम’मध्ये (२००२) आजी आणि नातू सख्खे आहेत, पण शहरातून आलेल्या त्या हट्टी पोरानं आजीला आधी कधी पाहिलेलंच नाही, म्हणजे तीही त्याला परकीच. आजी बोलू शकत नाही, लिहू शकत नाही. भूमिका करणाऱ्या किम उल-बून या खेड्यातल्या वृद्ध बाईंनी त्याआधी कधी अभिनय केला नव्हता. पोरगं तिला मुकी म्हणून चिडवतं, सुई ओवून देताना कुरकुरतं. निघायच्या आदल्या रात्री मात्र तो घरातल्या सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवतो. आणि ब्राझीलच्या ‘सेंट्रल स्टेशन’मधली (१९९८) दोरा! निवृत्त शिक्षिका, रिओच्या रेल्वे स्थानकावर निरक्षरांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते आणि टपालात टाकतच नाही. आई गेलेल्या एका पोराला ती चक्क विकते आणि त्या पैशांतून टीव्ही आणते. मग मन खातं आणि त्याला सोडवायला जाते. फर्नांदा मोंतेनेग्रोनं दोराला कुठेही गोड होऊ दिलेलं नाही. म्हाताऱ्या बाईनं खोटारडं, चिडकं, हावरट असावं आणि तरी आपण तिच्या बाजूनं असावं, हे बघून बाई इतक्या खूश झाल्या की तो चित्रपट आम्ही लगेच परत लावला.

नाओमी कावासेच्या ‘आन’मध्ये (२०१५) सगळंच एका कामाभोवती फिरतं. टोकियोत सेंतारो नावाचा अबोल माणूस दोरायाकीचं छोटं दुकान चालवतो. दोन गोल, मऊ धिरड्यांमध्ये लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरतात, ती दोरायाकी. पुरण हा बाजारातून डबाबंद आणतो. एक दिवस ७६ वर्षांची तोकुए येते आणि म्हणते, मला कामाला ठेव. पगार कमी दिलास तरी चालेल. हात वाकडे झालेले आहेत, तो नाही म्हणतो. मग ती आपण केलेलं पुरण डब्यातून आणून देते आणि ते चाखल्यावर त्याचा नकार टिकत नाही. पुढे बराच वेळ चित्रपट जवळजवळ फक्त दाणे शिजताना दाखवतो. सूर्य उगवायच्या आत दुकान उघडायचं. भिजलेले दाणे निवडायचे. पाणी बदलायचं, पुन्हा उकळायचं, झाकून मुरू द्यायचं. तोकुए पातेल्यात तोंड घालून वास घेते, वाफेचा रंग बघते, दाण्यांशी बोलते. सेंतारोला घाई, तिला नाही. तो शिकतो, कारण पुरण खरोखरच चांगलं होतं आणि दुकानासमोर रांग लागते. इथे मैत्रीचा शब्दही कुणी काढत नाही, दोघंही पातेल्यात बघत असतात. दुकानावर येणारी वाकाना ही शाळकरी मुलगी, तिचंही घरी कुणाशी फारसं जमत नाही. तीही या दोघांत येऊन बसते. तोकुए झालेल्या किरिन किकी आणि वाकाना झालेली क्यारा उचिदा प्रत्यक्षात आजी-नात आहेत, पण चित्रपटात त्यांचं काही नातं नाही.

मग गावात कुजबुज होते. तोकुएला तरुणपणी कुष्ठरोग झाला होता आणि ती तेव्हापासून वसाहतीत राहतेय. जपाननं कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवायचा कायदा १९९६पर्यंत राखला होता, रोग बरा करणारी औषधं येऊन कितीतरी दशकं उलटल्यावरही. गिऱ्हाईक तुटतं. तोकुए स्वतःच काम सोडते, सेंतारोला काही न बोलता. तो तिला थांबवत नाही, आणि हे त्याला जाळत राहतं. म्हाताऱ्या माणसाला काय हवं असतं या बाईंच्या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. तोकुएला काम हवं होतं. आयुष्यभर कुंपणाआड राहिलेल्या बाईला सकाळी उठून कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं आणि गिऱ्हाइकानं तिनं केलेलं खाऊन पैसे द्यावेत एवढी तिची हौस होती.

प्रत्येक म्हातारपणात दुसऱ्या पिढीला शिरता येतंच असंही नाही. मिखाएल हानेकेच्या ‘आमूर’मध्ये (२०१२) पक्षाघात झालेल्या पियानो शिक्षिकेला भेटायला तिचा जुना विद्यार्थी येतो. आता तो नावाजलेला वादक आहे. तिची अवस्था बघून तो गडबडतो. नंतर आपली सीडी आणि सोबत एक चिठ्ठी पाठवतो, भेट सुंदर आणि दुःखद होती अशा अर्थाची. ती सीडी बंद करायला सांगते. विद्यार्थ्यानं काही वाईट केलेलं नाही, पण चिठ्ठीतली कणव तिला सोसवत नाही. पोटची मुलगी येते तिलाही आत वाव नाही, बाप खोलीला कुलूप घालतो. तो बाप म्हणजे ‘रेड’मधला न्यायाधीश, जाँ-लुई त्रँतिन्याँ. तिथे एका परक्या मुलीसाठी दार उघडणारा चेहरा अठरा वर्षांनी इथे दार बंद करताना बघणं मला जड गेलं. हा चित्रपट थोर आहे. बाईंना मी तो दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही.

त्याऐवजी आम्ही आन्येस वार्दाचा ‘फेसेस प्लेसेस’ (२०१७) कितीही वेळा लावतो. हा माहितीपट आहे, म्हणजे मैत्री खरी. वार्दा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, जेआर हा छायाचित्रकार तिशीतला. दोघं एका गाडीतून फ्रान्सभर हिंडतात, खेड्यापाड्यांतल्या माणसांचे फोटो काढून ते भिंतीएवढे मोठे छापून भिंतींवरच चिकटवतात. वार्दाची दृष्टी अधू होत चाललीय आणि जेआर काळा चष्मा काढायला तयार नाही. यावरून दोघांची सतत कुरबुर. ती त्याला चिडवते, तो तिला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एका कोसळलेल्या लष्करी बंकरवर दोघं कष्टानं एक मोठं छायाचित्र लावतात, तर रात्रीच्या भरतीत ते सारं वाहून जातं. तिच्या धुरकट दिसण्याची तो टवाळी करत नाही की काळजीचा सूरही लावत नाही. माणसांच्या हाती मोठाली अक्षरं देऊन त्यांना पायऱ्यांवर उभं करतो आणि खाली-वर हलवून तिला जसं दिसतं तशी डोळे तपासायची पाटीच उभी करतो. पायऱ्यांवरच्या त्या प्रसंगाला बाईंनी मला वाचणं थांबवायला सांगितलं. त्यांना कळत होतं.

या मैत्रीला जगात नाव नसतं, त्यामुळे माणूस गेल्यावर तिची पंचाईत होते. ‘इकिरू’चा शेवटचा मोठा भाग वातानाबेच्या तेराव्यासारख्या बैठकीत घडतो. साहेब लोक बागेचं श्रेय घेतात, कारकून पिऊन वाद घालतात, वस्तीतल्या बायका येऊन रडून जातात. तोयो कुठेच नाही. तिला कुणी कळवलं असेल का, हेही चित्रपट सांगत नाही. डोरिस डोरीच्या ‘चेरी ब्लॉसम्स’ या जर्मन चित्रपटात (२००८) बायको गेलेला रूडी टोकियोच्या बागेत नाचणाऱ्या यू नावाच्या बेघर मुलीशी दोस्ती करतो आणि दोघं फुजी पर्वत बघायला जातात. तो तिथेच प्राण सोडतो. शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर फक्त ती असते. मुलं मात्र नंतर बापाच्या चाळ्यांबद्दल ओशाळून बोलतात. ‘आन’मध्ये निदान तोकुएची भांडी सेंतारोकडे येतात, आणि तिच्या आवाजातली एक ध्वनिफीत. ‘टोकियो स्टोरी’त शुकिची बायकोचं घड्याळ नोरिकोला देतो. लेकीनं किमोनो मागून घेतला होता, हिला न मागता घड्याळ मिळतं. वारसाहक्काच्या कुठल्या कायद्यात नोरिको बसली नसती.

नोरिकोची भूमिका केलेल्या सेत्सुको हारा तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या. दहाएक वर्षांत त्यांनी चित्रपट सोडले, कामाकुराला जाऊन राहिल्या आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. २०१५ साली, ९५व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचं म्हातारपण पडद्यानं पाहिलंच नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता. पण नोरिकोचं म्हातारपण मला बघायचं आहे. त्या एका खोलीतली ती मुलगी आता पंच्याहत्तरीची झालीय, पुन्हा लग्न तिनं केलं की नाही हे मला माहीत नाही. ती आता सगळ्यांशी गोड वागत नाही, तिनं ते पुरेसं केलंय. शेजारच्या घरात राहणाऱ्या विशीतल्या मुलीला ती दार वाजवून सांगते, आज रात्री माझ्याकडे झोपायला ये, मला एकटीला नको वाटतंय. मुलगी म्हणते, उद्या मला लवकर उठायचंय. नोरिको म्हणते, मी उठवीन. मुलगी कुरकुरत उशी घेऊन येते. बाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोरिकोबद्दल नव्हता. त्या मुलीला काय हवंय, ते आधी ठरव, म्हणाल्या. नाहीतर ती नुसतीच उशी घेऊन येईल.